जुने फोटो स्कॅन करून जपायचेत? फॉरमॅट आणि बिट डेप्थबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फार खोलात न जाता सांगा, कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू?

टिफ, म्हणजे सहसा चित्रातलं काहीही टाकून न देणारा फाइलचा प्रकार (बिटचा अर्थ पुढे येतोच). कागदावरचा फोटो चांगल्या अवस्थेत असेल तर ८ बिट टिफ पुरतो, फोटो विटलेला असेल किंवा निगेटिव्ह नाहीतर स्लाइड असेल तर १६ बिट टिफ. त्या टिफवरून एक जेपेग काढा, तो नातेवाइकांना पाठवायला आणि मोबाइलवर बघायला. घाई असेल तर एवढ्यावर काम सुरू करा, पण निदान विटलेल्या फोटोंचा प्रश्न वाचल्याशिवाय स्कॅनर चालू करू नका, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच चुकतात आणि मीही तिथेच चुकले होते.

दोन-दोन फाइली कशाला? एकच ठेवली तर नाही का चालणार?

दोघींची कामं वेगळी आहेत म्हणून. पहिली फाइल म्हणजे मास्टर. स्कॅनरने जे बघितलं ते जसंच्या तसं, त्याला पुन्हा हात लावायचा नाही, क्रॉप नाही, डाग पुसणं नाही, काही नाही. दुसरी वापरायची कॉपी, तिच्यावर काय हवं ते करा, बिघडली तर मास्टरवरून परत बनवा. आज तुम्ही जे रंग सुधारता ते आजच्या तुमच्या नजरेने आणि आजच्या सॉफ्टवेअरने, पाच वर्षांनी दोन्ही बदललेलं असतं, आणि तेव्हा परत मुळापासून सुरुवात करायची असेल तर मूळ शाबूत पाहिजे ना. मास्टरवरच करेक्शन करून सेव्ह केलं की तो रस्ता बंद झाला.

जेपेगने असं काय बिघडतं? मला तर डोळ्यांना काही फरक दिसत नाही.

हाय क्वालिटीवर सेव्ह केलेला जेपेग डोळ्यांना छानच दिसतो, त्यात वाद नाही. जेपेग १९९२ पासून आहे आणि डोळ्यांना कळणार नाही असं टाकून देणं हेच त्याचं काम. तो चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील गोल करून टाकतो, शिवाय बऱ्याच सेटिंगमध्ये चार पिक्सेल मिळून रंगाची एकच नोंद ठेवतो. बघायला ते पुरतं. पण जपायला ठेवलेला फोटो नुसता बघत नाही आपण, पुढे कधीतरी उजळवतो, रंग ओढतो, मोठा प्रिंट काढतो, आणि ओढाताण सुरू झाली की ते चौकोन आणि कडांभोवतीचा कचरा वर येतो. त्यात परत जेपेग उघडून बदल करून सेव्ह केला की दरवेळी नव्याने कॉम्प्रेस होतो, म्हणजे थोडं थोडं जातच राहतं. नुसता उघडून बघितला किंवा कॉपी केला तर काही होत नाही हां, हा गैरसमज खूप जणांचा असतो. आणि अजून एक मुद्दा, रोजच्या वापरातला जेपेग ८ बिटचाच असतो, १६ बिटचं स्कॅन त्यात मावतच नाही.

आधीच शेकडो फोटो जेपेगमध्ये स्कॅन केलेत. आता ते टिफमध्ये कन्व्हर्ट करू का?

नको. गेलं ते गेलं, टिफ केल्याने परत येत नाही, फक्त फाइल कितीतरी पट मोठी होते. तसंच ८ बिटची फाइल १६ बिट करून ठेवण्याचंही, एडिटिंग करताना तात्पुरती केली तर ठीक, पण मधल्या ज्या छटा नोंदल्याच गेल्या नाहीत त्या कुठून येणार. ते जेपेग जसे आहेत तसे मास्टर समजा, रीड-ओन्ली करा, एडिट करायचं तर कॉपीवर करा. आणि मग निवांत बसून त्यातले दहा टक्के वेगळे काढा जे खरंच महत्त्वाचे आहेत आणि ज्यांचा मूळ कागद अजून हाताशी आहे, तेवढे नीट पुन्हा स्कॅन करा. बाकीचे राहू देत.

८ बिट, १६ बिट, २४ बिट, ४८ बिट... नक्की काय काय आहे हे?

दोन प्रकारे मोजतात म्हणून घोळ होतो. रंगीत फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल असतात. एका चॅनेलला ८ बिट म्हणजे तिघांचे मिळून २४, एका चॅनेलला १६ म्हणजे तिघांचे ४८. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक २४ बिट कलर आणि ४८ बिट कलर असं लिहिलेलं असतं, फोटो एडिटरमध्ये त्यालाच ८ बिट आणि १६ बिट म्हणतात. गोष्ट एकच. ब्लॅक अँड व्हाइटला एकच चॅनेल, म्हणून तिथे ८ बिट ग्रे किंवा १६ बिट ग्रे.

८ बिट म्हणजे पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. जिना तेवढ्याच उंचीचा, पायऱ्या बारीक. म्हणजे १६ बिटने फोटो जास्त उजळ किंवा जास्त रंगीत होत नाही, स्क्रीनवर दोन्ही शेजारी ठेवले तर फरक ओळखता येणार नाही. फरक कळतो तो पुढे एडिट करताना.

मग १६ बिट नक्की कधी लागतं? आमचे जुने रंगीत फोटो सगळे लालसर झालेत.

अगदी याच फोटोंसाठी लागतं, म्हणून हे जरा सविस्तर.

रंगीत प्रिंटमध्ये सायन, मजेंटा आणि पिवळा अशा तीन रंगद्रव्यांचे थर असतात. १९७०च्या आसपासच्या बऱ्याच प्रिंटमध्ये अंधारात अल्बममध्ये ठेवूनसुद्धा सायन थर बाकीच्यांच्या आधी उडून जातो, आणि सायन गेलं की फोटो लाल दिसायला लागतो. स्कॅन केल्यावर या सायन थराची माहिती लाल चॅनेलमध्ये येते. आता हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठल्या पायरीवर किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख, उघडून फक्त लाल चॅनेल बघा, धडधाकट फोटोत तो डावीकडून उजवीकडे पसरलेला असतो, विटलेल्या फोटोत तो उजव्या बाजूला एका छोट्या पट्ट्यात गोळा झालेला दिसेल. समजा ८ बिटच्या स्कॅनमध्ये तो १४० ते २४० एवढ्यातच आहे. म्हणजे आईच्या साडीचा, मागच्या भिंतीचा, चेहऱ्याच्या सावल्यांचा सगळा हिशोब उरलेल्या शंभर पायऱ्यांत. रंग परत आणायचे तर हा पट्टा ताणून ० ते २५५ करावा लागतो, शंभर पायऱ्या २५६ जागांवर पसरल्या की मध्ये मोकळ्या फटी पडतात, हिस्टोग्राम कंगव्यासारखा दिसतो आणि आकाश किंवा गाल अशा सपाट भागात रंगाचे पट्टे उमटतात, ज्याला बॅन्डिंग म्हणतात. तोच फोटो १६ बिटमध्ये घेतला असता तर त्याच पट्ट्यात पंचवीस हजारांहून जास्त पायऱ्या मिळाल्या असत्या. ताणा हवं तेवढं.

मी पहिल्या खेपेला घरातले लग्नाचे फोटो २४ बिट जेपेगमध्ये, ऑटो कलर चालू ठेवून स्कॅन केले. बघायला बरे दिसले म्हणून खूश होते. नंतर एक मोठा प्रिंट काढायला घेतला आणि कपाळावर, गालावर डागडाग. अल्बम परत मागवला, प्लास्टिकला चिकटलेले फोटो परत सोडवले, दोन कोपरे फाटले. ते दोन कोपरे काही केल्या परत येणार नाहीत म्हणून ही एवढी तळमळ.

उलट बाजूही सांगायला हवी. कागदी प्रिंट चांगला असेल, काळं काळं आणि पांढरं पांढरं असेल, तर ८ बिट खरोखर पुरतं. फोटोचा दाणा आणि स्कॅनरचा स्वतःचा नॉइज (मूळ चित्रात नसलेले बारीक ठिपके) यांमुळे पायऱ्यांच्या कडा आपोआप मोडतात, त्यामुळे थोडंफार करेक्शन ८ बिट सहज सहन करतं. हजारभर चांगले प्रिंट १६ बिटमध्ये घेऊन डिस्क भरण्यापेक्षा तोच वेळ स्कॅनरची काच पुसण्यात घालवलेला बरा.

माझा स्कॅनर ४८ बिट लिहितो, ते खरं असतं का?

फाइल ४८ बिटची मिळते हे खरं. आतला सेन्सर तेवढं सगळं बारीक ओळखतो असं नाही, खालचे, म्हणजे सगळ्यात बारीक फरक नोंदणारे, काही बिट नॉइजच असतो. तरी ८ पेक्षा बरंच जास्त खरं मिळतं आणि ते विटलेल्या फोटोला उपयोगी पडतं. एक युक्ती लक्षात ठेवा, १६ बिटची फाइल ठेवायला जागाच नसेल तर काळं-पांढरं कुठून कुठे हे स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन करण्याआधी हाताने नीट लावा आणि मग ८ बिट घ्या. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये तो ताण आतल्या जास्त बिटवर दिला जातो आणि मग ८ बिटमध्ये उतरतो, त्यामुळे फटी पडत नाहीत. मास्टर अगदी कच्चा राहत नाही, पण नंतर ताणण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

ब्लॅक अँड व्हाइट फोटो ग्रेस्केलमध्ये घेऊ की रंगीत?

रंगीत घ्या. जुना ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट खरा ब्लॅक अँड व्हाइट नसतोच, कुठे सेपिया टोन असतो, कुठे कागद पिवळा पडलेला, कडांना चांदी वर येऊन निळसर चमक आलेली, कुणीतरी शाईने फुली मारलेली. हे सगळं त्या फोटोचा भाग आहे. आणि व्यवहारातला फायदा म्हणजे पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ दिसत नाही, म्हणून नंतर नुसता लाल चॅनेल वापरून ग्रेस्केल केला की डाग अर्धाअधिक आपोआप जातो. ग्रेस्केल स्कॅन केलं असेल तर हा उपायच हातात राहत नाही. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हला मात्र १६ बिट ग्रे चालतं.

निगेटिव्ह आणि स्लाइडचं काय?

१६ बिट, यात दुसरा विचार नको. रंगीत निगेटिव्हला नारिंगी रंगाचा मास्क असतो आणि तिचा कॉन्ट्रास्ट मुळात कमी असतो, म्हणजे उलटवताना (निगेटिव्हचा नेहमीसारखा फोटो करताना) प्रत्येक चॅनेल वेगवेगळा आणि भरपूर ताणावा लागतो, वर सांगितलेल्या विटलेल्या फोटोसारखंच. स्लाइडचं उलट, तिथे सावल्या फार दाट असतात आणि त्यातून काहीतरी बाहेर काढायला बिट लागतात.

काही स्कॅनिंग सॉफ्टवेअर कच्चं स्कॅन सेव्ह करू देतं, टिफमध्ये किंवा अडोबीच्या २००४ सालच्या डीएनजी या कच्च्या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये. जमत असेल तर निगेटिव्ह न उलटवता कच्चीच ठेवा, उलटवायची सॉफ्टवेअरं दरवर्षी सुधारताहेत. स्कॅनरला इन्फ्रारेड असेल तर तोही चौथा चॅनेल म्हणून त्यात बसतो, धूळ आणि ओरखडे शोधायला उपयोग होतो. फक्त चांदीवाल्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर इन्फ्रारेड चालत नाही, चांदीच त्याला अडवते आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं. तिथे बंद करा.

डीपीआय किती, आणि फाइल केवढी होईल?

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपायचे. कागदी फोटोला ६०० ठेवा, त्याच्या वर सहसा कागदाचा पोत सोडून नवीन काही मिळत नाही. अगदी छोटे, पासपोर्टएवढे कॉन्टॅक्ट प्रिंट असतील तर १२०० करून बघा. ३५ एमएम निगेटिव्हला ३२०० ते ४०००.

हिशोब सोपा आहे. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला २४०० बाय ३६०० पिक्सेल, म्हणजे ८६ लाख ४० हजार पिक्सेल. ८ बिटमध्ये पिक्सेलला ३ बाइट, झाली सुमारे २६ एमबी. १६ बिटमध्ये ५२ एमबी. हजार फोटो म्हणजे २६ किंवा ५२ जीबी, बस. लोक १६ बिटला घाबरतात ते हा आकडा कधी मांडत नाहीत म्हणून. निगेटिव्ह मात्र खरंच जागा खाते, ४००० डीपीआयला १६ बिटमध्ये एक फ्रेम १२८ एमबीच्या आसपास जाते, तिथे निवड करावीच लागते.

टिफ सेव्ह करताना कॉम्प्रेशन विचारतो. काय निवडू?

काहीच नाही किंवा झिप. दोन्हीत चित्राचा एक कणही हलत नाही. एलझेडडब्ल्यू हा पर्यायही लॉसलेस, म्हणजे काही न गमावणारा आहे, पण १६ बिटच्या स्कॅनवर लावला तर फाइल पुष्कळदा मूळपेक्षा मोठी होते, कारण खालच्या बिटमधल्या नॉइजमध्ये त्याला काही पुनरावृत्ती सापडत नाही. जेपेग कॉम्प्रेशन असा पर्याय टिफमध्येही दिसेल, तो अजिबात नको, बाहेरून टिफ आणि आतून जेपेग. मी स्वतः कॉम्प्रेशन न करता ठेवते. कारण असं की डिस्कवर एखादा बाइट खराब झाला तर साध्या टिफमध्ये बहुतेक एखादा पिक्सेल बिघडतो, कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये तिथून पुढचा मोठा पट्टा जाऊ शकतो.

लेयर (एडिटिंगचे एकावर एक थर) ठेवू नका, फ्लॅट करून सेव्ह करा, सगळे प्रोग्रॅम लेयरवाली टिफ नीट उघडत नाहीत.

टिफ जुना झाला ना पण? पुढे उघडेल का?

जुना आहे हीच त्याची जमेची बाजू. १९८६ चा फॉरमॅट, ६.० ही आवृत्ती १९९२ ची, आणि ती आजही तशीच वाचली जाते. रचना उघड आहे, असंख्य प्रोग्रॅमना येतो, मोठमोठ्या ग्रंथालयांचे आणि अभिलेखागारांचे मास्टर त्यात आहेत, म्हणजे तो वाचता येणं ही फक्त आपली गरज नाही. याउलट कोडॅकची फोटो सीडी आठवा. १९९२ मध्ये बाजारात आली, त्या काळाच्या मानाने दर्जा उत्तम होता, पण फॉरमॅट कंपनीच्या ताब्यातला होता, कंपनीने लक्ष काढून घेतलं आणि आता त्या फाइली उघडायला खास प्रोग्रॅम शोधावा लागतो. फॉरमॅट किती हुशार आहे यापेक्षा तो किती जणांना वाचता येतो हे मी आधी बघते.

पीएनजी का नको? तोही लॉसलेस आहे.

चालेल की. १९९६ चा, खुला, लॉसलेस, १६ बिट घेतो. फक्त स्कॅनर सॉफ्टवेअरमध्ये १६ बिट पीएनजीची सोय कमी वेळा दिसते आणि तारीख, माहिती वगैरे आत लिहायची तर टिफमध्ये ते जास्त भरवशाने टिकतं. आधीच पीएनजीत केलं असेल तर बदलायची गरज नाही.

जेपेग २०००, जेपेग एक्सएल, वेबपी, हेइक?

जेपेग २००० मध्ये खरा लॉसलेस मोड आहे, १६ बिट आहे, काही मोठ्या संस्था वापरतात, पण घरच्या कॉम्प्युटरवरचे साधे प्रोग्रॅम तो क्वचितच उघडतात. जेपेग एक्सएल मला मनापासून आवडतो, जुना जेपेग त्यात घातला तर साधारण पाचवा हिस्सा जागा वाचते आणि मूळ फाइल बाइट न बाइट परत काढता येते. पण स्टँडर्ड २०२२ चं आहे, सगळीकडे उघडत नाही, मास्टरसाठी अजून थांबा. वेबपी ८ बिटच्या पुढे जात नाही. हेइक मोबाइलच्या कॅमेऱ्यासाठी ठीक.

अख्खं अल्बमचं पान पीडीएफमध्ये घेतलं तर?

पानाची मांडणी कळायला एक पीडीएफ जरूर करा, कुठला फोटो कुणाच्या शेजारी लावला होता तेही महत्त्वाचं असतं. पण पीडीएफ हे वेष्टन आहे, आत बहुतेक वेळा जेपेगच भरलेला असतो. फोटोचा मास्टर वेगळाच हवा.

कलर प्रोफाइल काय ठेवू?

प्रोफाइल म्हणजे फाइलमधला कुठला आकडा नेमका कुठला रंग ते सांगणारी नोंद. अडोबी आरजीबी किंवा एसआरजीबी, जो ठेवाल तो फाइलमध्ये एम्बेड झालेला, म्हणजे आतच साठवलेला पाहिजे, नाहीतर आकडे असतात पण त्यांचा अर्थ कुणाला कळत नाही. प्रोफोटो आरजीबी घेतलात तर १६ बिटच, तो इतका विस्तीर्ण आहे की ८ बिटच्या २५६ पायऱ्या त्यात विरळ पडतात. वापरायच्या जेपेगला मात्र कायम एसआरजीबी.

स्कॅनरमधलं ऑटो करेक्शन, शार्पन, धूळ काढणे?

मास्टरला सगळं बंद. ऑटो कॉन्ट्रास्टमुळे पांढरी साडी पूर्ण पांढरी होऊन तिची नक्षी जाते, आणि एकदा २५५ ला आपटलं की १६ बिटसुद्धा काही करू शकत नाही. स्कॅन फिकट, निस्तेज दिसेल, दिसू दे. हिस्टोग्रामच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा आहे ना एवढं बघा.

एडिटिंगला फुकटचा प्रोग्रॅम १६ बिट घेतो का?

हो, गिम्प २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून घेतो. त्याआधीच्या आवृत्त्या ८ बिटच्याच होत्या, कुणाकडे जुना असेल तर आधी अपडेट करा.

फाइलींना नावं कशी द्यायची?

तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. नुसतं वर्ष माहीत असेल तर १९७४-००-०० असं, मग विषय, मग नंबर. पण नावावर सगळी भिस्त ठेवू नका, कोण आहे, कुठे, कधी हे फाइलच्या आतल्या आयपीटीसी किंवा एक्सएमपी रकान्यात लिहा. चॅट अ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतून ही माहिती बहुतेक वेळा उडते आणि फोटोही लहान होतो, म्हणून मास्टर कधी चॅटवरून पाठवू नका.

आणि फोटोची मागची बाजू! मागे काही लिहिलेलं असेल, स्टुडिओचा शिक्का असेल, तर तीही स्कॅन करा, ३०० डीपीआय ८ बिट रंगीत पुरे, नाव तेच आणि शेवटी 'मागे' असं जोडा. माझ्याकडच्या कितीतरी फोटोतली माणसं आता फक्त त्या मागच्या दोन ओळींमुळे ओळखता येतात.

फाइल न कळत खराब झाली तर समजणार कसं?

फाइलच्या आतली नावं-तारखा लिहून झाल्या की चेकसम, म्हणजे अख्ख्या फाइलवरून निघणारा एक आकडा, काढून ठेवा. एमडी५ किंवा शा-२५६, फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींचे आकडे एका टेक्स्ट फाइलमध्ये, आणि वर्षातून एकदा पुन्हा काढून जुळवा. एक बिट बदलला तरी आकडा बदलतो. मास्टरला हात लावायचा नाही हा नियम इथे कामाला येतो, कारण आकडा बदलला म्हणजे फाइल बिघडली, एवढा सरळ अर्थ निघतो. बॅकअपला तीन-दोन-एक: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, एक घराबाहेर.

बाहेरून स्कॅन करून घेणार आहे. काय सांगू?

कामाआधी लिहून द्या: टिफ, कॉम्प्रेशन नाही किंवा झिप, ४८ बिट किंवा २४ बिट जे ठरलं असेल ते, ६०० डीपीआय, प्रोफाइल एम्बेड, ऑटो करेक्शन आणि शार्पन बंद. आधी पाचच फोटो द्या. आलेल्या फाइलीची साइज वरच्या हिशोबाशी जुळते का बघा, मग १०० टक्क्यांवर झूम करून एखादा गाल किंवा आकाशाचा तुकडा पाहा. तिथे ८ बाय ८ चे चौकोन दिसले तर जेपेग काढून त्याचा टिफ करून दिलाय, बाकीचा अल्बम देऊ नका.

स्कॅन झाल्यावर मूळ फोटो काढून टाकले तर चालतील का?

नको ना. कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी अ‍ॅसिड नसलेल्या कागदात ठेवा, निगेटिव्ह तर आधी.